निरोप आला, बारदाना नाही

२०१८ च्या हंगामात तूर सरकारी केंद्रावर विकायची तर आधी नाव ऑनलाइन नोंदवायचं आणि मग मोबाइलवर मेसेज येईपर्यंत थांबायचं, अशी रीत सुरू झाली. तिच्यामागे आदल्या वर्षाची फजिती होती. २०१६-१७ मध्ये तूर अशी काही पिकली की खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, गोदामं भरली. २२ एप्रिल २०१७ ला खरेदी थांबवली गेली तेव्हा कित्येकांची तूर केंद्राच्या आवारातच पडून होती. मेसेज हा त्या रांगेवरचा उतारा होता. ज्याचा नंबर लागेल त्यानं यावं, बाकीच्यांनी घरी राहावं. कागदावर या योजनेला नाव ठेवायला जागा नव्हती.

मग मेसेज येऊ लागले. नाव, नोंदणी क्रमांक, केंद्र, तारीख. घाटंजीकडचा किंवा आर्णीकडचा माणूस पहाटे उठून ‘छोटा हत्ती’ भाड्यानं करायचा, पोती चढवायचा आणि केंद्र गाठायचा. तिथे गेल्यावर कळायचं की बारदाना संपलाय. किंवा बारदाना आहे, पण गोदामात थप्पी लावायला जागा नाही. गाडीचं भाडं उभ्या उभ्या चढत राहायचं. मेसेज खोटा नव्हता, आणि बारदान्याचा हिशोबही कुणीतरी कुठेतरी ठेवतच असणार. या दोन हिशोबांची आपसात ओळख नव्हती, एवढंच. २०२४-२५ च्या सोयाबीन खरेदीत हाच खेळ पुन्हा झाला. बारदान्यापायी खरेदी अडली आणि मुदत आधी ३१ जानेवारीपर्यंत, मग ६ फेब्रुवारीपर्यंत ढकलावी लागली.

साठ्यातला माल मोजणारी यंत्रं आणि खिशात निरोप आणून देणारी यंत्रं, या दोन शोधांबद्दल लिहायचं म्हटलं की लेखक सहसा अमेरिकेतल्या किंवा जपानमधल्या मोठ्या गोदामांपासून सुरुवात करतात. तिथे आपणही जाऊ. पण मी यवतमाळ जिल्ह्यातला आहे आणि मला या शोधांकडे पऱ्हाटीच्या धुऱ्यावरून बघायची सवय आहे. तिथून ते जरा वेगळे दिसतात.

*

यवतमाळ जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं गोदाम कुठलं, असं विचारलं तर लोक एमआयडीसीकडे बोट दाखवतील, नाहीतर वखार महामंडळाच्या शेडकडे. माझ्या मते ते प्रत्येक खेड्यात आहे आणि त्याला पाटी नाही. दिवाळी उलटली की पुढच्या खोलीतला पलंग बाहेर जातो आणि कापूस आत येतो. आधी गुडघ्याएवढा, मग खिडकीपर्यंत, चांगल्या साली आढ्याला टेकेल एवढा. लहानपणी त्यात उड्या मारल्याबद्दल आम्ही बोलणी खाल्ली आहेत, कारण तुडवलेला कापूस मळतो आणि मळलेल्याला भाव उतरतो. त्या खोलीत चिमणी न्यायची नाही, बिडी ओढायची नाही. हे त्या गोदामाचे नियम होते. ते कुठे लिहिलेले नव्हते आणि कुणी मोडतही नव्हतं.

२०२१-२२ च्या हंगामात कापसानं क्विंटलला दहा हजार ओलांडले. मग पुढच्या वर्षी सगळ्यांनीच तो आकडा मनात धरून कापूस घरात राखला. भाव काही आला नाही. उन्हाळा लागला तसं घरादाराच्या अंगाला खाज सुटू लागली. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, ते चावतात. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत तेव्हा ‘घरातल्या कापसामुळे खाज’ अशा बातम्या येत होत्या. आठ माणसांचं कुटुंब ओसरीवर झोपतंय आणि आतल्या खोलीत कापूस झोपलाय, हे चित्र कुठल्याही साठ्याच्या तक्त्यात येत नाही.

येत नाही म्हणजे खरोखरच येत नाही. देशाच्या कापसाचा दरवर्षी ताळेबंद मांडला जातो. हंगामाच्या सुरुवातीचा साठा, उत्पादन, आयात, गिरण्यांचा वापर, निर्यात, अखेरचा साठा. सगळं लाख गाठींत, एक गाठ १७० किलोची. गिरणीतल्या गाठी त्यात असतात, सरकारी कापूस निगमाच्या असतात, व्यापाऱ्यांच्याही असतात. पुढच्या खोलीतल्या कापसाला मात्र जन्मच बाजारात मिळतो. ‘आवक’ झाली की तो मोजला जातो. त्याआधी तो अंदाजात असतो, नजरअंदाजात म्हटलं तरी चालेल.

*

गाठीला नंबर देण्याची कल्पना संगणकानं आणली असं वाटत असेल तर शंभर वर्षं मागं जावं लागेल.

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. इथला कापूस मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ या नावानं ओळखला जाई. उमरावती म्हणजे आजची अमरावती. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये मुंबई-एडन-सुवेझ अशी समुद्राखालून तार आली आणि त्याच वर्षी लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावचा रेल्वे फाटा सुरू झाला. माल आणि निरोप एकाच वर्षी वेगानं धावू लागले. पुढे यवतमाळलाही गाडी आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ, अडीच फुटी रुळांची, किलिक निक्सन कंपनीची. तिलाच आपण शकुंतला म्हणतो. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होतं. लोक गाडीच्या आठवणी काढतात त्या माणसांच्या, लग्नाच्या वऱ्हाडांच्या. पण रूळ टाकले होते ते गाठींसाठी.

मँचेस्टरच्या गिरण्यांची तक्रार एकच असे. गाठीत भेसळ आहे. वरून लांब धाग्याचा कापूस, आत आखूड. कुठे पाणी मारलेलं, कुठे सरकी-माती. मुंबई सरकारनं १८६३ मध्येच कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा केला होता. खरा बंदोबस्त झाला तो १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानं. त्या कायद्यानुसार कारखान्याबाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या कारखान्याला ठरवून दिलेली खूण उमटवणं सक्तीचं झालं. कुणाचा कापूस, किती, कोणत्या तारखेला जिनला आला याची नोंदवहीही ठेवायची. मुंबईच्या बंदरात एखादी गाठ खराब निघाली तर खूण बघून तिचं माहेर शोधता यावं. आजच्या क्यूआर कोडची ही पणजी. रंगाच्या डब्यात बुडवलेल्या कुंचल्यानं ती पोत्यावर रेखली जाई.

आणि तारेचं काय झालं? तारेनं भाव आणला. तो भाव शेतकऱ्यापर्यंत पोचायच्या आत जुगाऱ्यापर्यंत पोचला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि मिटते भाव मुंबईला येत, आणि त्या आकड्यांच्या शेवटच्या अंकांवर पैसे लागत. यालाच लोक ‘आकडा’ म्हणू लागले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून हे भाव पाठवणं बंद झालं, तेव्हा धंदा थांबायला हवा होता. थांबला नाही. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या माठात घालून काढू लागले आणि ‘मटका’ जन्माला आला. मला ही कथा फार आवडते, कारण तीत बातमीपासून माल पूर्णपणे सुटा होतो. कापूस राहिला नाही, बाजार राहिला नाही, तरी आकडा चालूच. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर आकडा लावणाऱ्या माणसाला त्याचा कापसाशी संबंध आहे हे सांगितलं तर तो हसेल, आणि तो बहुधा कापूसवालाच असेल.

*

आता जिनिंगच्या आवारात चला. वणी, पांढरकवडा, राळेगाव, कुठलंही घ्या. गेटवर मोठा काटा, त्यावर भरलेली गाडी चढते, उतरते, रिकामी पुन्हा चढते. फरक म्हणजे कापसाचं वजन. त्याआधी ग्रेडर मूठभर कापूस उपसतो, ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. हमीभावाच्या खरेदीत ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात सुरू होते आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. काटापट्टी निघते. शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, ओलावा, दर, सगळं त्यावर असतं. या क्षणाला जगातल्या कुठल्याही यंत्रणेत या कापसाची ओळख सगळ्यात पक्की असते.

पुढल्या दहा मिनिटांत ती पुसली जाते. गाडी ढिगाकडे जाते, कापूस उपसला जातो, आणि मारेगावचा कापूस झरी-जामणीच्या कापसावर पडतो. ढीग दोन माणसं उंच होतो. यात लबाडी काही नाही, यंत्राची गरज आहे. शंभर किलो कापसातून चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. म्हणजे १७० किलोच्या एका गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू शेतीत बऱ्या वर्षी एकरभर रानातून निघतो तेवढा. एक गाठ म्हणजे एक एकर आणि एक वर्ष. पण प्रेसमधून बाहेर पडणारी गाठ कुणा एकाच्या एकराची नसते. ती ढिगाची असते.

त्या गाठीला आता क्यूआर कोड आहे. भारतीय कापूस निगमानं ‘बिट्स’ नावाची गाठ ओळखण्याची यंत्रणा आणली. कोड मोबाइलनं वाचला की गाठ कुठल्या केंद्रावरच्या कापसाची, कुठल्या कारखान्यात दाबलेली, हे कळतं. नोंदी ब्लॉकचेनवर असतात, म्हणजे मागाहून कुणाला खाडाखोड करता येत नाही. ७ ऑक्टोबर २०२० च्या जागतिक कापूस दिनी सरकारनं भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे नाव दिलं, त्या नावानं विकायच्या गाठींनाही असाच माग लागतो. परदेशातला शर्टवाला आता विचारू लागलाय की कापूस कुठून आला, मजूर कोण होते. त्याला उत्तर हवं आहे आणि कोड ते देतो, ढिगापर्यंतचं.

हा चौकोनी कोड मुळात मोटारींच्या सुट्या भागांसाठी जन्मला. त्याआधी होते बारकोड, काळ्या-पांढऱ्या रेघांचे. नॉर्मन जोसेफ वुडलंड हा अमेरिकन मायामीच्या किनाऱ्यावर बसला होता. तारायंत्राचे टिंब आणि रेघ त्यानं वाळूत बोटांनी खाली ओढले आणि त्यातून रेघांची कल्पना सुचली. बर्नार्ड सिल्व्हरबरोबर त्याला १९५२ मध्ये पेटंट मिळालं. पण रेघा वाचणारं स्वस्त यंत्र यायला वीसेक वर्षं लागली. २६ जून १९७४ ला ओहायोतल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमचं एक पाकीट पहिल्यांदा असं वाचलं गेलं. तारेचीच ही लेक, हे लक्षात घ्यायला हवं. निरोपाची लिपी मालाच्या अंगावर चढली.

बारकोडात मजकूर मावे वीसेक अक्षरांचा. जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या कामगारांना एकेका खोक्यावरचे अनेक बारकोड दिवसभर वाचावे लागत आणि ते वैतागत. मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी माहिती भरणारा चौकोन काढला. कल्पना सुचली ती ‘गो’ नावाच्या पटावरच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून. सात हजारांपर्यंत अंक त्यात बसतात. पण आमच्या कामाचा गुण दुसराच. चौकोनाचा तीस टक्क्यांपर्यंत भाग फाटला, मळला, तरी उरलेल्यावरून तो वाचता येईल अशी सोय त्यात करता येते. ज्या गाठीला हमाल लोखंडी हूक मारून ओढतात, जी ट्रकमधून धुळीत आपटते, तिच्यावर साधा बारकोड टिकला नसता. कंपनीनं पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. त्यामुळेच तो कोड आज यवतमाळच्या चहाच्या टपरीवर आहे आणि गाठीवरही आहे.

*

मोजण्याची गोष्ट इथवर. आता निरोपाची.

एसएमएसची १६० अक्षरांची मर्यादा फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या जर्मन अभियंत्यानं १९८५ मध्ये ठरवली. टाइपरायटरवर इकडच्या तिकडच्या गोष्टी लिहून त्यानं अक्षरं मोजली आणि एवढ्यात माणसाचं म्हणणं मावतं असा निष्कर्ष काढला. ३ डिसेंबर १९९२ ला नील पॅपवर्थनं पहिला संदेश पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. ज्याच्याकडे तो गेला त्याच्या फोनवर उत्तर लिहायची सोयच नव्हती. निरोप एकाच दिशेनं गेला. ही खोड पुढे आमच्याकडच्या सरकारी निरोपांना लागली असावी.

१६० अक्षरं रोमन लिपीची. मराठीत, देवनागरीत लिहिलं की एका एसएमएसमध्ये सत्तरच बसतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार यांचीही त्यात वेगळी गणती होते. ‘शेतकऱ्यांनी’ एवढं एकच लिहिलं की अकरा अक्षरं गेली. जुन्या बटणांच्या फोनवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत, म्हणून भाव यायचा तो इंग्रजी लिपीतल्या मराठीत. घरातलं शाळेत जाणारं पोर तो वाचून दाखवी. सगळ्या फोनवर भारतीय लिप्या वाचता याव्यात असा दंडक सरकारनं काढला तो २०१६ मध्ये. तोवर व्हॉट्सअ‍ॅप आलं होतं आणि लोकांनी लिहिण्याचा प्रश्नच निकाली काढला होता. आवाज रेकॉर्ड करायचा आणि पाठवायचा. बाजार समितीत गेलेला माणूस तिथूनच सांगतो, आज अमुक दर निघाला, ओलावा कडक बघतायत, उद्या या. हा निरोप त्याच्या गावात सरकारी मेसेजपेक्षा जास्त चालतो, कारण विचारलं तर तो उत्तर देतो.

शेतीचे भाव मोबाइलवर विकण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला. रॉयटर्सनं २००७ मध्ये ‘मार्केट लाइट’ ही सेवा सुरू केली. वर्गणी भरली की आपल्या पिकाचे भाव, हवामान, सल्ला रोज एसएमएसनं. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटन या दोन अर्थतज्ज्ञांनी राज्यातली शंभर गावं निवडली. काहींना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही, आणि वर्षभरानं हिशोब मांडला. २०१२ साली छापलेला निष्कर्ष कंपनीला आवडण्यासारखा नव्हता. सरासरी बघता, मेसेज मिळालेल्यांना भाव जास्त मिळाला असं दिसलं नाही.

असं का व्हावं, यावर मोठे निबंध लिहिता येतील. यवतमाळच्या माणसाला फार विचार करावा लागत नाही. पांढरकवड्यापेक्षा आदिलाबादला दोनशे रुपये जास्त आहेत हे कळलं तरी दहा क्विंटलसाठी गाडीभाडं कोण भरणार? ज्याच्याकडून बियाणं-खताला उचल घेतली तोच खेडा खरेदीला दारात येतो. त्याला माल द्यायचा नाही म्हणायला अंगात बळ लागतं, आणि ते एसएमएसनं येत नाही. भाव माहीत असूनही विकता न येणं, ही इथली जुनी जाण आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात, १९७२ नंतर, भाव सरकारच ठरवी आणि तो सगळ्यांना पाठ असे. तरी कापूस रात्री गाड्या भरून सीमेपलीकडे जाई, कारण तिथे चुकारा हातात पडे आणि इथे महिनोन्महिने वाट बघावी लागे.

खेडा खरेदीचा विषय निघालाच तर काट्याबद्दल. इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मापाऱ्याची दांडी झुकवायची कला संपली. मग रिमोटनं वजन कमी दाखवणारे काटे पकडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मोजणारं यंत्र ज्याच्या मालकीचं त्याच्या बाजूनं मोजतं. जुन्या तराजूतही हेच होतं, फक्त तेव्हा दांडी डोळ्यांनी दिसत होती.

*

मला या सगळ्या शोधाशोधीत एक प्रयोग मनापासून भावला, आणि तो उसाचा निघाला. कापूसवाल्यानं उसाचं कौतुक करणं म्हणजे घरभेदीपणा, पण इलाज नाही.

कोल्हापूरच्या वारणा सहकारी परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ योजना आली. गावोगावी संगणक बसवले. काही वर्षांनी बघितलं तर शेतकरी त्यावर दोनच कामं करत होते. आपला ऊस किती टन गेला ते बघणं, आणि खताची-पैशाची चौकशी. मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी विचार केला, एवढ्यासाठी संगणक कशाला? त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा फोन ठेवला. शेतकऱ्यानं आपला क्रमांक एसएमएसनं पाठवायचा; कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला दुसरा फोन त्याचा हिशोब उलट पाठवी. तुझ्या खात्यावर एवढा ऊस तोलला गेला, एवढं खत शिल्लक. आठ महिने हा प्रयोग चालला. संगणक सांभाळण्यापेक्षा तो स्वस्त पडला आणि लोकांनी तो वापरला.

यात तंत्र नवं काहीच नव्हतं. नवं होतं ते एवढंच की विचारणारा शेतकरी होता आणि उत्तर द्यायचं काम गोदामाचं होतं. कापसाच्या बाबतीत असं कधी झालं नाही, त्याला कारणंही आहेत. उसाचा कारखाना सभासदांचा असतो, शिवाय ऊस तोडला की कारखान्यातच जाणार. कापूस कुठेही जातो. त्यामुळे कापसाला मालक पुष्कळ आणि हिशोब सांगणारा कुणीच नाही.

गोदामातला साठा आणि मोबाइल यांची सांगड शासनाला जमत नाही असंही नाही. लसींच्या बाबतीत ‘ईविन’ ही यंत्रणा बघा. शीतसाखळी सांभाळणारा कर्मचारी साठा मोबाइलमध्ये भरतो. फ्रिजला तापमान मोजणारं यंत्र जोडलेलं असतं. गारवा गेला की एसएमएस जातो. छत्तीसगडमध्ये रेशनच्या धान्याचा ट्रक गोदामातून निघाला की गावातल्या नोंदणी केलेल्या माणसांना मेसेज जाई. ट्रक वाटेत कुठे ‘हरवणं’ मग अवघड झालं. अर्थात यंत्रणा किती पुरते, त्याचाही धडा आमच्याच जिल्ह्यानं दिलाय. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पोलिओच्या डोसाऐवजी बारा चिमुरड्यांना सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली. बाटलीवरचं नाव वाचणारे डोळे दुसरीकडे होते.

*

वखार हा मराठीतला जुना शब्द आहे. सुरतेची, राजापूरची इंग्रजांची वखार आपण शाळेत वाचलेली. वखार म्हणजे परक्याचं कोठार, जिथे आपला माल आत जातो. राज्य वखार महामंडळ १९५७ साली स्थापन झालं तेव्हा अर्थ उलटावा अशी इच्छा होती. शेतकऱ्यानं माल ठेवावा, पावती घ्यावी, पावतीवर कर्ज काढावं आणि भाव येईतो थांबावं. पणन मंडळाची तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा टक्के व्याजानं. २०१७ मध्ये पावतीही इलेक्ट्रॉनिक झाली, शेअरसारखी खात्यात राहणारी. नंतर वखार महामंडळानं पावत्या ब्लॉकचेनवर घेऊन बँकेशी जोडल्या, म्हणजे एकाच पोत्यावर दोन बँकांकडून कर्ज उचलता येऊ नये.

सोयाबीन, तूर, हरभऱ्याला हे लागू पडतं. त्यांची पोती होतात, थप्पी लागते, थप्पीवर कार्ड अडकवता येतं. सुटा कापूस फुगीर असतो, जागा खातो, ठिणगी पडली तर भडकतो. त्याला वखारीत जायचं तर आधी गाठ व्हावी लागते, आणि गाठ झाली की तो शेतकऱ्याचा राहत नाही. म्हणून पुढची खोली. म्हणून खाज.

२०२५ च्या सप्टेंबरपासून कापूस निगमानं ‘कपास किसान’ अ‍ॅप आणलं. आधार, सातबारा, पीकपेरा भरून नोंदणी करायची आणि मग केंद्रावर यायचा दिवस अ‍ॅपवरच धरायचा. लांब धाग्याच्या कापसाला त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये, मध्यम धाग्याच्याला ७,७१०. नोंदणीची मुदत नंतर वाढवावी लागली, त्यावरून कितीजणांना ती वेळेत जमली याचा अंदाज यावा. बटाईनं शेत करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो, बाईच्या नावावर बहुतेकदा नसतो, आणि डोंगराकडच्या गावात रेंज नसते. ऑगस्टमध्ये परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झालं ते वर्षअखेरपर्यंत. ती बातमी मात्र सगळ्यांच्या फोनवर त्याच संध्याकाळी आली. अ‍ॅप न लागता.

कंपन्यांकडून आणि कार्यालयांकडून येणाऱ्या मेसेजचा मजकूर आता आधी नोंदवून घ्यावा लागतो. फसवे मेसेज थांबावेत म्हणून दूरसंचार नियामकानं २०१८ मध्ये नियम केले. मार्च २०२१ मध्ये गाळणी सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ती आठवडाभर मागे घ्यावी लागली होती. साचा ठरलेला असतो, मध्ये रिकाम्या जागा. नाव, तारीख, केंद्र. बारदाना आहे की नाही, आज किती गाड्या उभ्या आहेत, ग्रेडर आलाय का, यांसाठी साच्यात जागा धरलेली मी अजून पाहिली नाही. धरायला तांत्रिक अडचण कसलीच नाही. सत्तर अक्षरांत बसेल.

*

पहिल्या वेचणीआधी आमच्याकडे सीतादही करतात. शेतात पऱ्हाटीखाली दगड मांडायचे, दहीभात ठेवायचा, मग ओटीत पहिली बोंडं घ्यायची. त्यानंतर दोन-अडीच महिने वेचणी चालते. बाया सकाळी येतात, ओटे बांधतात आणि किलोवर मजुरी ठरलेली असते. दिवस कलला की धुऱ्यावर, बाभळीच्या फांदीला काटा टांगतात. एकेक गाठोडं त्याला लावलं जातं. शेतकऱ्याची बायको किंवा लेक वही घेऊन बसते. शाळेची जुनी वही, मागच्या पानांवर उभ्या रेघा मारलेल्या. प्रत्येकीचं नाव, खाली तारखा, तारखेपुढे किलो. कुणाचं सतरा, कुणाचं बावीस, कुणाचं पोर आजारी म्हणून नऊच. काटा सगळ्यांना दिसतो, आकडा मोठ्यानं म्हटला जातो आणि पटला नाही तर गाठोडं पुन्हा टांगतात.

मग गाठोडी सोडून सगळा कापूस बंडीत रिकामा करतात. वही लेकीच्या दप्तरात जाते. बंडी गावाकडे वळते, पुढच्या खोलीचं दार उघडून ठेवलेलं असतं, आणि आत जाणाऱ्याला सांगावं लागतं, दिवा बाहेरच ठेव.